वास आला की क्रोम मेला : साकीनाक्याच्या एका प्लेटिंग गाळ्यातील सल्फर डायऑक्साइडचे प्रकरण

साकीनाक्याच्या मागच्या बाजूला, मिठी नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, पितळी नळ आणि शॉवर यांच्यावर निकेल-क्रोम प्लेटिंग करणारा एक गाळा आहे. जुलै महिन्यातील मुसळधार पावसाच्या एका दुपारी या गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यातील सांडपाण्याच्या टाकीतून सल्फर डायऑक्साइड वायू एकाएकी बाहेर पडला आणि पाच माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. कोणी दगावले नाही. दोन दिवसांनी गाळ्याच्या मालकांनी मला बोलावले, कारण सांडपाणी शुद्धीकरण आणि रासायनिक सुरक्षितता हेच माझे गेल्या अनेक वर्षांचे काम आहे. तिथे मी जे पाहिले, विचारले आणि मोजले, ते मालकांच्या संमतीने इथे मांडतो आहे. गाळ्याचे आणि माणसांचे नाव मात्र देत नाही.

हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले याचे कारण असे की त्या दिवशी गाळ्यात काहीही फुटले नव्हते. वायूचा सिलिंडर तिथे नव्हताच. वापरलेली पावडर नेहमीची होती, आम्ल नेहमीचे होते आणि ते ओतणाऱ्या कारागिराला या कामाचा चौदा वर्षांचा अनुभव होता. वायू जागच्या जागी, टाकीत तयार झाला, आणि तो कसा तयार झाला हे समजण्यासाठी ज्या गुणधर्मांमुळे उद्योगांना तो हवासा वाटतो तेच गुणधर्म नीट पाहावे लागतात.

घटना

गाळा तळमजल्यावर असून सुमारे २० फूट रुंद, ४० फूट लांब आणि १२ फूट उंच आहे. पुढे लोखंडी शटर आणि मागे एक दार आहे. पावसाचे पाणी आत येते म्हणून मागचे दार जून ते सप्टेंबर बंदच असते आणि त्या दिवशी शटरही अर्ध्यावर ओढलेले होते. आत टाक्यांची रांग आहे. मालाचा तेलकटपणा काढणारी गरम अल्कधर्मी टाकी, मग आम्लाची, मग निकेलची, मग क्रोमची, आणि प्रत्येकीनंतर माल धुण्याच्या पाण्याच्या टाक्या. क्रोममधून काढलेला माल ज्या पाण्यात बुचकळतात ते पाणी हळूहळू पिवळे होत जाते, कारण त्यात सहा संयुजेचे, म्हणजे हेक्साव्हॅलंट, क्रोमियम उतरते. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये असा नियम आहे. म्हणून हे पिवळे पाणी वेगळे साठवून त्यातील क्रोमियमचे तीन संयुजेच्या, तुलनेने निरुपद्रवी आणि चुन्याने खाली बसवता येणाऱ्या रूपात रूपांतर करावे लागते.

हे रूपांतर सल्फर डायऑक्साइड करतो. मोठ्या कारखान्यांत तो सिलिंडरमधून सोडतात. छोट्या गाळ्यांत त्याऐवजी सोडियम मेटाबायसल्फाइट ही पांढरी पावडर टाकतात, जी आम्लधर्मी पाण्यात विरघळून तोच वायू पाण्यातल्या पाण्यात उपलब्ध करून देते. गाळ्यात या कामाला ‘औषध देणे’ म्हणतात. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, उताराने पाणी आपोआप यावे म्हणून, अडीच फूट खोल खड्ड्यात बसवलेली आहे आणि एक दिवसाआड तिला औषध दिले जाते. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी, वर गेला तर अल्कधर्मी) आम्लाने २ ते ३ च्या दरम्यान आणायचा, पावडर टाकून ढवळायचे, पिवळा रंग जाऊन हिरवा आला की चुन्याची निवळी नव्हे तर चुन्याचा दाट घोळ घालून पीएच साडेआठपर्यंत चढवायचा आणि गाळ बसू द्यायचा, असा हा क्रम आहे. कागदावर तो तसाच होता. प्रत्यक्षात कारागीर आधी पावडर टाकत असे, कारण क्रोमचे धुवणपाणी मुळातच आम्लधर्मी असते आणि बहुतेक दिवशी वेगळे आम्ल घालण्याची गरजच पडत नसे.

त्या दिवशी पावसाने बाहेरची मोरी तुंबली. तेलकटपणा काढण्याच्या टाकीनंतरचे सोडामिश्रित धुवणपाणी मोरीतून मागे फिरले आणि क्रोमच्या खड्ड्याकडे वळले. टाकी सुमारे ८०० लिटरपर्यंत भरली आणि तिच्यातले पाणी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी झाले. रंग पिवळाच होता, त्यामुळे वरून काही कळण्याजोगे नव्हते. कारागिराने नेहमीप्रमाणे पावडर टाकली, ढवळले, वाट पाहिली. रंग बदलला नाही. त्याने आणखी एक मग टाकला. हा मग मी नंतर तोलून पाहिला, त्यात साधारण एक किलो पावडर मावते. तरीही रंग बदलला नाही आणि, त्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे, वासही आला नाही. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलेले सूत्र असे होते : ‘वास आला की क्रोम मेला.’ वास आला नाही म्हणजे औषध कमी पडले असे समजून त्याने तिसरा मग टाकला. मग त्याच्या ध्यानात आले की आज आम्ल घालायला हवे होते, आणि त्याने अडीच लिटरचा सल्फ्युरिक आम्लाचा कॅन खड्ड्याच्या कडेला ओणवे होऊन एकदम टाकीत रिता केला.

“साहेब, पाणी फसफसलं, डोळ्यादेखत हिरवं झालं आणि काड्यांची अख्खी पेटी नाकात पेटल्यासारखं वाटलं,” असे त्याने मला सांगितले. सल्फर डायऑक्साइडच्या वासाचे याहून अचूक वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी परिस्थिती बिघडवली. एकाने समोरच्या भिंतीवरचा, दहा फूट उंचीवरचा एग्झॉस्ट पंखा सुरू केला; त्याने कोपऱ्यातला वायू संपूर्ण गाळ्यातून, काम करणाऱ्यांच्या तोंडांवरून ओढत पुढे नेला. दुसऱ्याने आम्ल मारायचे म्हणून धुण्याच्या सोड्याचे अर्धे पोते टाकीत ओतले. आम्लात सोडा पडला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात, आणि पाण्यात विरघळलेला सल्फर डायऑक्साइड या बुडबुड्यांबरोबर वर येतो. फेस खड्ड्याच्या कडेपर्यंत आला. हेतू योग्य होता, कारण अल्कली घालणे हाच त्यावरचा उपाय आहे. पण तिथे कॉस्टिकचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, पातळ द्रावण किंवा चुन्याचा घोळ थोडा थोडा घालायला हवा होता, कारण त्यांतून बुडबुडे निघत नाहीत.

कारागीर, त्याचा विशीतला मदतनीस, पॉलिशवर बसलेले दोघे जण आणि शेजारच्या गाळ्यात जमिनीवर बसून माल पॅक करणाऱ्या एक बाई, असे पाच जण बाधित झाले. दोन गाळ्यांमधल्या भिंतीत, जमिनीलगत, पाणी जाण्यासाठी ठेवलेले एक वीतभर भोक आहे. बाईंना आधीपासून दम्याचा त्रास होता. बाकीचे त्याच रात्री घरी गेले, कारागिराला एक दिवस देखरेखीखाली ठेवले, आणि बाई तीन दिवस रुग्णालयात होत्या.

टाकीत नेमके काय झाले

सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्याची तीन रूपे संभवतात. पाणी तीव्र आम्लधर्मी असेल तर तो रेणूच्या रूपात, म्हणजे विरघळलेला वायू म्हणूनच राहतो. पीएच ३ ते ६ च्या दरम्यान तो मुख्यत्वे बायसल्फाइट आयन बनतो. आणि पीएच ७ च्या वर गेला की हळूहळू सल्फाइट आयन होतो. आयन पाण्यातून उडून जाऊ शकत नाहीत, उडतो तो फक्त रेणू. पहिल्या दोन रूपांमधील सीमा पीएच १.८ च्या आसपास आहे. त्यावरून हिशेब केला तर पीएच ४ असताना विरघळलेल्या एकूण मालापैकी शेकडा एक भागही वायूरूपात नसतो, २.५ असताना सुमारे सहावा भाग असतो आणि १.३ असताना तीन चतुर्थांश. सल्फ्युरस आम्ल असे नाव आपण शाळेपासून वापरतो, पण ते आम्ल शुद्ध रूपात आजवर कोणालाही वेगळे काढता आलेले नाही; पाण्यात असतात ते हा वायू आणि त्याचे आयन.

याला दुसरी बाजू आहे ती क्रोमियमची. पीएच २ ते २.५ असताना क्रोमियमवरची क्रिया काही मिनिटांत पुरी होते, आणि पीएच ५ च्या वर ती इतकी मंदावते की रंगात फरक दिसत नाही. म्हणजे अल्कधर्मी पाण्यात टाकलेली पावडर क्रोमियमवर काम करत नाही आणि वासही देत नाही. ती नुसती साठत जाते. कारागिराने वास नसण्याचा अर्थ ‘औषध कमी’ असा लावला, प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘पीएच चढा’ असा होता. आम्ल पडताच तिन्ही मगांचा साठा एकाच वेळी वायूरूपात आला, आणि पाण्यात आधीच असलेल्या सोड्याने फेस करून त्याला वर आणले.

आता प्रमाणे पाहू. त्याच प्रकारच्या धुवणपाण्याचा नमुना तपासला तेव्हा त्यात लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम हेक्साव्हॅलंट क्रोमियम आढळले. ८०० लिटरला हे १२० ग्रॅम होते. एक किलो क्रोमियमला रासायनिक समीकरणानुसार २.७४ किलो मेटाबायसल्फाइट लागते, म्हणजे या टाकीला साधारण ३३० ग्रॅम पावडर पुरे होती. टाकली गेली तीन किलो. मेटाबायसल्फाइटच्या वजनापैकी ६७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो, त्यामुळे कामाला न आलेल्या पावडरीतून पावणेदोन किलोच्या आसपास वायू पाण्यात मोकळा झाला.

पावणेदोन किलो आठशे लिटरमध्ये, म्हणजे लिटरला सव्वादोन ग्रॅम. २५ अंशांना एक लिटर पाणी सुमारे ९४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड सामावून घेऊ शकते, तेव्हा हा वायू पाण्यातच राहायला हवा होता असे कोणालाही वाटेल, आणि मालकांनी मला तसे विचारलेही. परंतु तो ९४ ग्रॅमचा आकडा पाण्यावर निव्वळ याच वायूचे आवरण असतानाचा आहे. पाण्यावर साधी हवा असेल तर लिटरला सव्वादोन ग्रॅम एवढ्यानेही, पीएच १.३ च्या आसपास, पृष्ठभागालगतच्या हवेत या वायूचे प्रमाण दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जाते. दोन टक्के म्हणजे २०,००० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे वीस हजार भाग. तत्काळ जिवाला धोका मानली जाणारी पातळी १०० पीपीएम आहे. ओणवे होऊन आम्ल ओतणाऱ्या माणसाचे तोंड नेमके त्या थराच्या वर होते.

संपूर्ण गाळ्याचा हिशेबही दिलासा देणारा नाही. गाळ्याचे आकारमान सुमारे २७० घनमीटर आहे. पावणेदोन किलोपैकी शेकडा दोन भाग, म्हणजे अवघे ३५ ग्रॅम, हवेत गेले आणि सारखे पसरले असे धरले तरी प्रमाण ५० पीपीएमच्या घरात जाते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ नुसार आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी २ पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी ५ पीपीएम एवढी कमाल मर्यादा होती. दम्याचा रुग्ण श्रम करत असेल तर एक पीपीएमच्या खालीही त्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकसतात, त्यामुळे भिंतीपलीकडच्या बाईंना सर्वाधिक त्रास का झाला याचे उत्तर त्यांनी घेतलेल्या मात्रेपेक्षा त्यांच्या फुफ्फुसांत शोधावे लागते.

इथे एका प्रचलित समजुतीबद्दल थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते. हा वायू हवेच्या सव्वादोन पट जड आहे, म्हणून तो जमिनीलगत साचतो, असे सगळे सांगतात आणि मालकही जमिनीलगतच्या त्या भोकाकडे बोट दाखवून तेच म्हणाले. खड्ड्याच्या आत, जिथे वायू एक-दोन टक्के आहे, तिथे हे खरे आहे. तो थर कडेवरून ओघळतो आणि उताराकडे जातो. पण एकदा तो हवेत मिसळून पन्नास-शंभर पीपीएम झाला की त्या मिश्रणाचे वजन साध्या हवेहून जाणवण्याइतके वेगळे राहत नाही आणि ते हवेच्या झोताबरोबर कुठेही जाते. म्हणून ‘जड वायू आहे, उभे राहिलो की सुटलो’ असे मानणे धोक्याचे आहे. पॉलिशवरचे दोघे उंच स्टुलावर बसले होते आणि तरीही त्यांना तो लागला, कारण पंखा त्यांच्या डोक्यामागे होता.

एका लिटरचा प्रयोग

कारागिराला हे सगळे तोंडी सांगून भागले नसते. मी टाकीतले नवे पिवळे पाणी काचेच्या दोन चंचुपात्रांत एक-एक लिटर घेतले आणि पाऊस थांबल्यावर गल्लीत, मोकळ्या हवेत, एका लाकडी खोक्यावर ठेवले. दोन्हींत थोडा सोडा घालून पीएच ८ केला. पहिल्यात अर्धा ग्रॅम पावडर टाकून ढवळले. पाच मिनिटांनीही पाणी जसेच्या तसे पिवळे होते. मग ड्रॉपरने पातळ आम्ल थेंब-थेंब सोडत गेलो. पीएचच्या कागदाने चार दाखवले तेव्हा पिवळ्यात किंचित मळकटपणा आला, तीनच्या खाली ऑलिव्हसारखी छटा आली आणि अडीचला पाणी स्वच्छ निळसर हिरवे झाले. वास जवळजवळ नव्हता. दुसऱ्या पात्रात मी पीएच आधी अडीचवर आणला आणि तीच पावडर दहा टक्के द्रावण करून घातली. रंग ढवळता ढवळता बदलला.

त्यानंतर फिल्टर पेपरची एक पट्टी पोटॅशियम डायक्रोमेटच्या आम्लधर्मी द्रावणात भिजवली. नारिंगी रंगाची ती पट्टी कोरड्या चिमूटभर पावडरीवर धरली आणि पावडरीवर आम्लाचे दोन थेंब टाकले. पट्टी खालच्या टोकापासून हिरवी होत वर गेली. सल्फर डायऑक्साइड ओळखण्याची ही प्रचलित परीक्षा आहे. कारागीर पट्टीकडे आणि टाकीकडे आळीपाळीने पाहत होता, आणि मग म्हणाला, “म्हणजे हे टाकीतलंच काम आहे, फक्त कागदावर.” तसेच ते आहे. डायक्रोमेटमधले क्रोमियम सहावरून तीनवर येते, नारिंगीचे हिरवे होते, आणि सल्फर डायऑक्साइड स्वतः सल्फेट होऊन संपतो. टाकीत वास येणे म्हणजे संपायला हवा होता तो वायू न संपता बाहेर चालला आहे, हे त्याला त्या पट्टीवरून जेवढे पटले तेवढे माझ्या कुठल्याही आकडेमोडीने पटले नसते.

उस्तादाचे सूत्र खोटे नव्हते, अर्धे होते. पीएच ठीक असेल आणि पाणी नीट ढवळले असेल, तर वास येणे म्हणजे क्रोमियम संपून वायू उरू लागला, हे खरे. पण न ढवळलेल्या टाकीत एका जागी पडलेल्या पावडरीचा वास येतो आणि बाकीची टाकी पिवळीच राहते. शिवाय नाक लवकर थकते. थोड्या वेळाने तोच वास कमी वाटू लागतो. ज्या पिढीकडे पीएचचा कागद नव्हता तिने नाकालाच मापक केले, आणि त्याची किंमत किती जणांच्या फुफ्फुसांनी चुकवली असेल याची नोंद कुठल्याच गाळ्यात सापडणार नाही.

हाच वायू इतरत्र

मालकांनी विचारले की एवढा घातक वायू आहे तर सरकार तो वापरू कसा देते. प्रश्न रास्त होता. खरे तर मुंबईच्या आसपास हा वायू वापरणारे किंवा हाताळणारे उद्योग अनेक आहेत. जगात तयार केल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा मोठा भाग सल्फ्युरिक आम्ल बनवण्यात जातो : गंधक जाळून तो मिळवतात, ४०० अंशांच्या वरच्या तापमानाला व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या थरांवरून हवेबरोबर नेऊन त्याचा ट्रायऑक्साइड करतात आणि तो ९८ टक्के आम्लात शोषून घेतात. त्या कॅनमधले आम्लही मुळात याच वायूपासून झालेले होते. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातून काढलेले गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात येते. त्याचा एक हिस्सा जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो उरलेल्या हायड्रोजन सल्फाइडबरोबर क्रिया करून दोघांचे पिवळे गंधक होते. १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल आणि डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम झाल्यावर असे गंधक वेगळे काढणे अपरिहार्य झाले. ट्रॉम्बेच्या औष्णिक वीज केंद्रात धुरातला हा वायू समुद्राच्या पाण्याने धुतला जातो, कारण समुद्राच्या पाण्यातली बायकार्बोनेटची अल्कधर्मिता त्याला आयनात बदलून पाण्यातच अडकवते. अर्ध्या पोत्याच्या सोड्याने गाळ्यात जे साधले नाही ते तिथे साधते, याचे कारण तिथे पाणी प्रचंड आहे, त्यामुळे अल्कली विरळ असूनही वायूच्या मानाने पुरेशी असते, आणि सगळे बंद मनोऱ्यात घडते.

राज्यातल्या बहुतेक साखर कारखान्यांत चुना घातलेल्या उसाच्या रसातून हा वायू सोडतात. त्यातून बसणारा कॅल्शियम सल्फाइट रंगद्रव्ये सोबत घेऊन जातो आणि साखर पांढरी होते. वाशीच्या बाजारातले केशरी जर्दाळू या वायूने धुरी दिलेले असतात, धुरी न दिलेले तपकिरी दिसतात. आणि आमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचे उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचे आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत ग्रेप गार्ड म्हणून ओळखला जाणारा जो कागद घालतात, त्याच्या थरांमध्ये हीच मेटाबायसल्फाइटची पावडर असते. पेटीतल्या ओलाव्याने ती सुटत जाते आणि आठवडेच्या आठवडे अत्यल्प वायू देत बुरशी रोखते. वायू किती वेगाने सुटावा हे कागदाच्या थरांवर सोपवलेले असते. पेटीत पाणी साचले की वायू एकदम सुटतो आणि देठापाशी मण्यांचा रंग उडतो. निर्यातदार अशा पेट्या नाकारतो. एकाच पावडरीचे द्राक्षांच्या पेटीत ग्रॅमने मोजून, कागदात गुंडाळून, वेग ठरवून काम करून घेतले जाते, आणि गाळ्यात ती मगाने ओतली जाते.

या सगळ्या उपयोगांच्या मुळाशी तीनच गोष्टी आहेत. तो सहज ऑक्सिजन घेऊन सल्फेट होतो, म्हणून क्षपणक (दुसऱ्याचा ऑक्सिजन काढून घेणारा) आणि विरंजक (रंग उडवणारा) आहे. पाण्यात भरपूर विरघळून आम्लता देतो, म्हणून रसायनांत मिसळायला सोपा आणि सूक्ष्मजीवांना मारक आहे. आणि उणे १० अंशांना उकळत असल्यामुळे २० अंशांना सव्वातीन वातावरणांच्या माफक दाबाखालीही द्रव होऊन सिलिंडरमध्ये भरता येतो. दुसरा गुणधर्मच माणसाच्या अंगावर येतो. नाक, घसा आणि डोळे ओले असतात. तिथे तो लगेच विरघळतो आणि आम्ल होऊन जाळतो. बराचसा भाग नाकातच अडकल्याने फुफ्फुसे वाचतात, पण माणूस धापा टाकत तोंडाने श्वास घेऊ लागला की तो खोल जातो. म्हणून जास्त प्रमाणात लागलेल्या माणसाला बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली ठेवतात. फुफ्फुसांत पाणी उशिराही भरू शकते.

काय बदलले आणि काय राहिले

सुचवलेल्या बदलांपैकी सर्वांत स्वस्त होता तो सर्वांत परिणामकारक ठरला : क्रोमची मोरी सिमेंटने वेगळी केली आणि तिला बांध घातला, ज्यामुळे सोड्याचे पाणी आता तिकडे फिरू शकत नाही. त्याखालोखाल क्रम. आधी पीएच, तोही कागदाने तपासून आणि वहीत लिहून, मग पावडर, तीही तोलून आणि द्रावण करून. प्रत्येक वेळी आधी एक लिटर पाण्यावर चाचणी करायची आणि त्यावरून टाकीची मात्रा काढायची, हे कारागिराने माझ्या अपेक्षेपेक्षा आनंदाने स्वीकारले. टाकीवर झाकण आले. अचूक मात्रेतही पीएच अडीचला पृष्ठभागालगत शंभराच्या वर पीपीएम वायू असतो, त्यामुळे झाकण टाळता येत नाही. झाकणाखालून एक छोटा पंखा हवा ओढतो आणि कॉस्टिकच्या द्रावणातून बाहेर सोडतो. वरचा एग्झॉस्ट पंखा औषध देताना बंद ठेवायचा असतो. कापडी मास्क आणि धुळीचे मास्क या वायूपुढे निरुपयोगी आहेत. आम्ल-वायूंसाठीचे कॅनिस्टर असलेले दोन मास्क आता शटरजवळ, टाकीपासून लांब टांगलेले आहेत.

मेटाबायसल्फाइट सोडून फेरस सल्फेट वापरावे का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. फेरस सल्फेटपासून वायू निघत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण एका भाग क्रोमियमला तीन भाग लोह लागते आणि तेही गाळात उतरते, त्यामुळे कोरड्या गाळाचे वजन सुमारे चौपट होते. हा गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याच्या प्रकल्पाकडे वजनावर पैसे मोजून पाठवावा लागतो. माझा कल फेरसकडे होता आणि आजही आहे, कारण छोट्या, बंद, शेजाराला चिकटलेल्या गाळ्यात वायू न बनवणे हे वायू सांभाळण्यापेक्षा बरे. मालकांनी खर्चाचा विचार करून पावडरच ठेवली. पावडर आणि आम्ल एकाच मांडणीवर, वर-खाली ठेवलेले होते, ते वेगळे करण्याचे मात्र त्यांनी मान्य केले. जागेअभावी पावसाळ्यात ते पुन्हा जवळ येतात, असे मला पुढच्या भेटीत दिसले आणि मी त्यांना तसे लेखी कळवले आहे.

त्या भेटीत मी वही पाहिली. एका पानावर कारागिराच्या हाताने लिहिले होते : पाणी ८००, पीएच २.४, पावडर ४२० ग्रॅम, रंग हिरवा, वास नाही. पीएचच्या कागदाचा वापरलेला तुकडा शेजारी चिकटवलेला होता.

शेजारच्या गाळ्यातल्या बाई कामावर परतल्या आहेत, परंतु त्यांना इन्हेलर सतत जवळ बाळगावा लागतो. जमिनीलगतचे भोक बुजवले आहे. औषध देण्याआधी कारागीर आता भिंतीवर दोनदा ठोठावून पलीकडे कळवतो. पलीकडून उत्तर येईपर्यंत झाकण उघडायचे नाही, ही ओळ कामाच्या तक्त्यात घालायची अजून राहिली आहे.